शरीराचे पुनरुत्थान (ख्रिस्ती धर्म)

शरीराचे पुनरुत्थान ही ख्रिस्ती धर्माच्या अंत्यकालविषयक शिकवणुकीतील मध्यवर्ती श्रद्धा आहे. जगाच्या अंती येशू ख्रिस्ताचे पुनरागमन होईल, मरण पावलेली सर्व माणसे सदेह उठविली जातील, त्यांचा न्याय होईल आणि देव नवे आकाश व नवी पृथ्वी निर्माण करील, असा तिचा थोडक्यात आशय आहे. रोमन कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या तिन्ही प्रमुख परंपरांना ही श्रद्धा मान्य आहे. मात्र मृत्यूनंतर लगेच काय घडते, उठविलेले शरीर कसे असेल आणि अंत्यकाळातील घटनांचा क्रम कोणता, यांविषयी या परंपरांत व त्यांच्या अंतर्गतही मतभेद आहेत.

संज्ञा व आशय

नव्या करारात यासाठी 'अनास्तासिस' हा ग्रीक शब्द येतो. 'पुन्हा उभे राहणे' हा त्याचा मूळ अर्थ असून मराठीतील 'पुनरुत्थान' हा शब्द त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी 'पारूसिया' हा शब्द वापरला जातो. एखादा राजा किंवा अधिकारी नगरात येतो तेव्हाच्या आगमनासाठी ग्रीक भाषेत तो रूढ होता.

पुनरुत्थान आणि आत्म्याचे अमरत्व या दोन कल्पना वारंवार एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. आत्मा स्वभावतः अविनाशी असून देहाच्या बंधनातून सुटणे हीच त्याची मुक्ती, असे प्लेटोच्या परंपरेतील तत्त्वज्ञ मानीत. ख्रिस्ती शिकवणीनुसार शरीर ही देवाची निर्मिती असल्यामुळे ते टाकून देण्याजोगे आवरण ठरत नाही. मृत्यू हा शत्रू आहे आणि त्याचा पराभव संपूर्ण माणूस, म्हणजे देहासह माणूस, पुन्हा उभा राहिल्यानेच पूर्ण होतो. तसेच पुनरुत्थान म्हणजे मृत माणूस पूर्वीच्या आयुष्यात परत येणेही नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू लाजराला कबरेतून बाहेर बोलावतो, पण लाजर पुढे पुन्हा मरणारच होता. पुनरुत्थित शरीराला मात्र मृत्यू नाही.

यहुदी पार्श्वभूमी

जुन्या कराराच्या बहुतांश भागात मृतांच्या भवितव्याविषयी फारसे विवेचन नाही. मृत सर्व 'शओल' नावाच्या अंधाऱ्या अधोलोकात जातात, एवढीच कल्पना अनेक ठिकाणी दिसते. यहेज्केलाच्या ३७व्या अध्यायात वाळलेल्या हाडांच्या खोऱ्याचे दृश्य आहे. त्यात हाडांवर स्नायू व मांस चढते आणि ती जिवंत होतात. परंतु तेथे ही हाडे म्हणजे बंदिवासात हताश झालेले इस्राएल राष्ट्र, असा खुलासा त्याच अध्यायात दिलेला आहे.

व्यक्तींच्या पुनरुत्थानाचा सर्वांत स्पष्ट उल्लेख दानीएलाच्या १२व्या अध्यायात येतो. मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी तर काही अप्रतिष्ठेसाठी, असे तेथे म्हटले आहे. या पुस्तकाला आजचे रूप इ.स.पू. दुसऱ्या शतकात, अंतियुखस चौथा या राजाने यहुद्यांचा छळ चालविला असताना मिळाले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्याच छळाची कथा सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एक आई व तिचे सात पुत्र धर्मनियम मोडण्यापेक्षा मरण पत्करतात, आणि तोडले जाणारे अवयव देव परत देईल, अशी आशा व्यक्त करतात.

या संदर्भातून पुनरुत्थानाच्या कल्पनेमागील प्रश्न स्पष्ट होतो. देवाशी एकनिष्ठ राहिल्यामुळेच ज्यांना मरावे लागले, त्यांना न्याय कोठे मिळणार? पुनरुत्थान हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. म्हणूनच त्याचा न्यायाच्या कल्पनेशी सुरुवातीपासून निकटचा संबंध राहिला.

येशूच्या काळी यहुद्यांत याविषयी एकमत नव्हते. परूशी पंथाचे लोक पुनरुत्थान मानीत. मंदिराच्या पुरोहितवर्गाशी संबंध असलेले सदूकी ते नाकारीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या २३व्या अध्यायात पौल न्यायसभेपुढे उभा असताना हा विषय काढतो आणि सभेतच दोन तट पडतात, असा प्रसंग आहे.

नव्या करारातील शिकवण

मार्काच्या १२व्या अध्यायात सदूकी येशूला एक पेच घालतात. एका स्त्रीने रूढीप्रमाणे एकामागून एक सात भावांशी विवाह केला. मग पुनरुत्थानात ती कोणाची पत्नी? येशूच्या उत्तराचे दोन भाग आहेत. पुनरुत्थित जीवन हे आजच्या जीवनाचीच पुढची आवृत्ती नाही, तेथे विवाहव्यवस्था नाही, हा पहिला. देव हा अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा देव आहे आणि तो जिवंतांचा देव आहे, हा दुसरा.

ख्रिस्ती मंडळीच्या दृष्टीने या श्रद्धेचा आधार येशूचे स्वतःचे पुनरुत्थान हा आहे. शुभवर्तमानांतील वृत्तान्तांत दोन गोष्टी एकत्र येतात. लूकाच्या वर्णनात उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. योहानाच्या वर्णनात तो थोमाला आपल्या जखमा दाखवितो. त्याचबरोबर तो बंद दारांच्या खोलीत अचानक प्रकट होतो आणि जवळच्या माणसांनाही चटकन ओळखू येत नाही. शरीर तेच, तरीही पालटलेले, ही कल्पना येथून पुढे आली.

पौलाने सुमारे इ.स. ५० मध्ये थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र हे उपलब्ध ख्रिस्ती लेखनातील अतिप्राचीन पत्रांपैकी एक होय. ख्रिस्त लवकरच येईल अशी तेथील लोकांची अपेक्षा होती. पण त्याआधीच त्यांच्यातील काही जण मरण पावले. त्यांचे काय, ही त्या लोकांची चिंता होती. ख्रिस्तात मेलेले प्रथम उठतील आणि नंतर जिवंत असलेले त्यांच्याबरोबर प्रभूला भेटतील, असे आश्वासन पौल देतो आणि या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करण्यास सांगतो.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय हे या विषयाचे सर्वांत सविस्तर विवेचन आहे. मृत कसे उठतात व कोणत्या शरीराने येतात, या प्रश्नाला पौल बीजाच्या दृष्टान्ताने उत्तर देतो. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप दिसायला सारखे नसतात. तरी रोप त्या दाण्याचेच असते. नाशवंत शरीर पेरले जाते, अविनाशी उठविले जाते. पौल त्याला 'आध्यात्मिक शरीर' म्हणतो. या शब्दप्रयोगाचा अर्थ 'अशरीरी' असा नसून देवाच्या आत्म्याने चालविलेले शरीर असा आहे, असे बहुतेक भाष्यकार सांगतात. ख्रिस्ताला तो 'प्रथमफळ' म्हणतो. हंगामाचे पहिले पीक देवाला अर्पण केले की मागून उरलेले पीक येणारच, हा त्यामागचा शेतकऱ्याच्या अनुभवातील अर्थ.

आद्य मंडळीतील वाद

ग्रीक-रोमन जगातील सुशिक्षितांना ही शिकवण विचित्र वाटे. अथेन्समधील अरीयपगावर पौलाने मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख करताच काहींनी त्याची थट्टा केली, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. दुसऱ्या शतकातील ज्ञानवादी पंथ भौतिक द्रव्यच हीन मानीत आणि पुनरुत्थानाचा अर्थ केवळ आंतरिक जागृती असा लावीत. त्यांच्या विरोधात लिआँचा धर्माध्यक्ष इरेनियस आणि कार्थेजचा लेखक टर्टुलियन यांनी देह हीच देवाची कलाकृती असल्याचे प्रतिपादन केले. प्रेषितांच्या मतांगीकाराच्या लॅटिन पाठात 'देहाचे पुनरुत्थान' असा थेट शब्द आहे, इ.स. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी निगडित असलेल्या नायसीन मतांगीकारात 'मृतांचे पुनरुत्थान' असा शब्द आहे.

ही चर्चा केवळ पुस्तकी नव्हती. इ.स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील लिआँ येथे अनेक ख्रिस्ती लोकांना ठार करण्यात आले. युसेबियस या इतिहासकाराने जतन केलेल्या पत्रानुसार त्यांची प्रेते काही दिवस उघड्यावर ठेवून नंतर जाळली गेली आणि राख रोन नदीत टाकण्यात आली. पुनरुत्थानाच्या आशेवर हे लोक मरणाला भीत नाहीत, तेव्हा ती आशाच नष्ट करावी, असा त्यामागे हेतू होता. ख्रिस्ती लेखकांनी यावर दिलेले उत्तर असे, की ज्याने शून्यातून जग निर्माण केले त्याला राखेतून माणूस उठविणे अवघड नाही. मिनुसियस फेलिक्स याने तर अंत्यविधीचा कोणताही प्रकार पुनरुत्थानाला बाधक नाही, आपण केवळ जुनी व चांगली रीत म्हणून पुरतो, असे स्पष्ट केले.

दुसरा प्रश्न ओळखीचा होता. शरीरातील द्रव्य सतत बदलत असते. मग उठणारे शरीर 'तेच' कशावरून? तिसऱ्या शतकातील ओरिजेनने शरीराची तुलना नदीशी केली. पाणी वाहून जाते, पण नदीचे रूप टिकते; तसेच माणसाची ओळख द्रव्यात नसून रूपात असते. ओलिंपसच्या मेथोडियसने या मताला विरोध केला. ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या २२व्या भागात अनेक शंका विचारात घेतल्या. नरभक्षकाने खाल्लेले मांस कोणाचे? ते ज्याचे प्रथम होते त्याला परत मिळेल, असे तो म्हणतो. स्त्रिया स्त्रिया म्हणूनच उठतील, कारण स्त्रीत्व हा दोष नसून निसर्ग आहे, असेही त्याचे मत होते. हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा राहतील. पण त्या व्यंग नव्हे तर भूषण ठरतील.

मध्ययुगीन सिद्धान्त

इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सर्व माणसे आज जी शरीरे धारण करतात त्याच शरीरांनिशी उठतील, असे घोषित केले. त्याच शतकात थॉमस अक्वायनस याने ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाच्या आधारे आत्मा हे शरीराचे 'रूप' असल्याचे मांडले. या मतानुसार देहाविना आत्मा टिकून राहतो, पण तो पूर्ण मनुष्य नव्हे. त्यामुळे पुनरुत्थान ही मुक्तीला जोडलेली शोभा न राहता तिची आवश्यक बाब ठरते. धन्य झालेल्यांच्या शरीरांना पीडामुक्तता, सूक्ष्मता, चपलता आणि तेजस्विता हे चार गुण प्राप्त होतील, असे मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ मानीत.

मृत्यू आणि पुनरुत्थान यांमधील अवस्था

पुनरुत्थान जगाच्या अंती होणार असेल, तर तोवर मृत कोठे असतात? याविषयी परंपरांत मोठी भिन्नता आहे.

कॅथोलिक शिकवणीनुसार प्रत्येकाचा मृत्यूनंतर लगेच वैयक्तिक न्याय होतो. शुद्ध आत्म्यांना अंतिम न्यायापूर्वीच देवाचे प्रत्यक्ष दर्शन घडते, असा निर्णय पोप बेनेडिक्ट बारावा याने इ.स. १३३६ मध्ये दिला. त्याच्या आधीचा पोप जॉन बाविसावा याने प्रवचनांतून वेगळे मत मांडल्यामुळे हा वाद पेटला होता. देवाच्या कृपेत मेलेले, परंतु पूर्णपणे शुद्ध न झालेले आत्मे शुद्धीच्या अवस्थेतून जातात आणि जिवंतांच्या प्रार्थनांचा त्यांना लाभ होतो, हेही कॅथोलिक मत आहे.

ऑर्थोडॉक्स मंडळी मृतांसाठी प्रार्थना करतात, परंतु शुद्धीस्थानाचा लॅटिन सिद्धान्त स्वीकारीत नाहीत. प्रोटेस्टंट सुधारकांनी तो पवित्र शास्त्राचा आधार नसल्याचे सांगून नाकारला. मार्टिन ल्यूथर मृतांच्या अवस्थेचे वर्णन अनेकदा निद्रा असे करी. उलट जॉन कॅल्व्हिनने आपल्या आरंभीच्या एका ग्रंथात आत्मा झोपी जातो या मताचे खंडन केले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी मृतांना पुनरुत्थानापर्यंत कोणतेही भान नसते, असे आजही मानते.

मृत्यूला निद्रा म्हणण्याची रीत नव्या करारातूनच आली आहे. मराठी बायबलात 'महानिद्रा' असा शब्द आढळतो. दफनभूमीसाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचाही अर्थ 'झोपण्याची जागा' असाच आहे.

सहस्र वर्षांचे राज्य

प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायात सैतान एक हजार वर्षे बांधलेला राहील व संतजन ख्रिस्ताबरोबर राज्य करतील, असे दृश्य आहे. त्याच्या अर्थावरून तीन प्रमुख मते निर्माण झाली.

पूर्वसहस्राब्दवादानुसार ख्रिस्त आधी येईल आणि नंतर पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील. दुसऱ्या शतकातील जस्टिन व इरेनियस यांचे मत याच प्रकारचे होते. असहस्राब्दवादानुसार हा आकडा प्रतीकात्मक असून तो ख्रिस्ताच्या पहिल्या व दुसऱ्या आगमनामधील मंडळीच्या काळाचा निर्देश करतो. ऑगस्टीनने हे मत स्वीकारल्यावर पाश्चात्त्य जगात ते दीर्घकाळ प्रभावी राहिले. उत्तरसहस्राब्दवादानुसार शुभवर्तमानाच्या प्रसाराने जगात शांततेचा दीर्घ काळ येईल आणि त्यानंतर ख्रिस्ताचे आगमन होईल. अठराव्या शतकातील अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्स याचा कल या मताकडे होता.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याने महासंकटाच्या काळापूर्वी विश्वासणारे अचानक वर उचलले जातील, या कल्पनेचा प्रसार केला. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसह बायबलमुळे ती अमेरिकेत व तेथून अन्यत्र पसरली. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळींना ती मान्य नाही.

काळ ठरविण्याचे प्रयत्न

तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे येशूचे वचन मार्काच्या १३व्या अध्यायात आहे. तरीही अंताची तारीख काढण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा झाले. १५३४-३५ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर नगर ताब्यात घेऊन तेथे नवे यरुशलेम उभारण्याचा दावा एका कडव्या गटाने केला. त्याचा शेवट वेढा, उपासमार व कत्तलीत झाला. अमेरिकेत विल्यम मिलर या शेतकरी-उपदेशकाने दानीएलाच्या ग्रंथातील आकड्यांवरून ख्रिस्ताचे आगमन १८४३-४४ च्या सुमारास होईल असे गणित मांडले. त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातील पीकही काढले नाही. तो दिवस नेहमीसारखा मावळला. या घटनेला 'महानिराशा' असे नाव पडले.

बहुतेक मंडळी अशा भाकितांपासून सावध राहण्याची शिकवण देतात. त्यांच्या मते अंत्यकालाविषयीच्या वचनांचा हेतू वेळापत्रक देणे हा नसून जागरूक राहण्यास सांगणे हा आहे. मत्तयाच्या २५व्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला आसरा दिला का, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट घेतली का, हे प्रश्न विचारले जातात. आगमनाची तारीख ओळखली का, हा नाही.

पुनर्जन्माच्या कल्पनेशी तुलना

भारतीय वाचकाला पुनरुत्थान आणि पुनर्जन्म हे शब्द जवळचे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांमागील विचार वेगळे आहेत. पुनर्जन्मात जीव एक देह सोडून दुसरा धारण करतो आणि हे चक्र मोक्षापर्यंत चालते. ख्रिस्ती मतानुसार माणसाला एकदाच मरावयाचे असून नंतर न्याय आहे, असे इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे. एकाच व्यक्तीला एकच आयुष्य व एकच देह असतो, आणि तोच रूपान्तरित होऊन उठतो.

वस्त्राच्या दृष्टान्तातून हा भेद चांगला कळतो. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही जुनी शरीरे टाकून नवी घेतो, हे जुनी वस्त्रे बदलण्याच्या उपमेने सांगितले आहे. पौलही करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात वस्त्राचीच प्रतिमा वापरतो. मात्र वस्त्र उतरावे अशी त्याची इच्छा नाही. आहे त्यावरच दुसरे वस्त्र चढावे आणि मर्त्य ते जीवनाने ग्रासले जावे, असे तो म्हणतो.

मराठी भाषेत येशूच्या पुनरुत्थानाची कथा विस्ताराने आणणारी आद्य रचना म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. गोव्यात १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ओवीबद्ध ग्रंथ होय.

दफन आणि दहन

येशूला कबरेत ठेवले गेले होते. तसेच देह उठणार ही श्रद्धा होती. त्यामुळे ख्रिस्ती समाजात दफनाची रीत रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात युरोपातील दहनाच्या चळवळीतील काही जणांनी पुनरुत्थान नाकारण्याचे चिन्ह म्हणून दहनाचा पुरस्कार केला, तेव्हा कॅथोलिक चर्चने १८८६ मध्ये त्यावर बंदी घातली. १९६३ मध्ये ती शिथिल झाली. १९८३च्या धर्मविधिसंहितेनुसार दफन अधिक इष्ट आहे. पण ख्रिस्ती शिकवणीच्या विरोधातील कारणांसाठी निवडलेले नसेल तर दहनास मनाई नाही. २०१६ मधील एका निवेदनाने रक्षा विखरून टाकण्यास मनाई करून ती पवित्र स्थळी ठेवावी असे सांगितले. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळी दहनास आक्षेप घेत नाहीत. ऑर्थोडॉक्स मंडळींचा सामान्यतः विरोध आहे.

मुंबई, वसई व गोवा येथील कॅथोलिक समाजात २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा स्मरणदिन पाळला जातो. त्या दिवशी कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि प्रार्थना करतात.

आधुनिक चिंतन

विसाव्या शतकात या विषयाचा अनेकांगी पुनर्विचार झाला. रूडॉल्फ बुल्टमान याने अंत्यकालाची भाषा पुराकथेची असून तिचा अर्थ आजच्या निर्णयाच्या क्षणाशी जोडला पाहिजे, असे मांडले. ऑस्कर कुलमन याने आत्म्याचे अमरत्व ही ग्रीक कल्पना व पुनरुत्थान ही बायबलमधील कल्पना यांतील भेद ठळक केला. युर्गन मोल्टमान याने १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आशेचे धर्मशास्त्र' या ग्रंथात अंत्यकालाची आशा ही सद्यःस्थितीशी तडजोड न करणारी शक्ती असल्याचे प्रतिपादन केले. एन. टी. राइट यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात पुनरुत्थान याचा अर्थ आद्य ख्रिस्ती लोकांसाठी शारीरिकच होता, असा युक्तिवाद विस्ताराने केला.

या चर्चेचा व्यवहाराशीही संबंध आहे. जग जळून नष्टच होणार असेल तर त्याची काळजी कशासाठी, असा निष्कर्ष काही जण काढतात. उलट शरीर व सृष्टी टाकून न देता देव त्यांचे नूतनीकरण करणार आहे, असे मानणारे रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातील सृष्टीच्या मुक्ततेच्या वचनाचा आधार घेतात. आजाऱ्यांची शुश्रूषा, मृतदेहाचा सन्मान आणि पर्यावरणाचे रक्षण ही त्यांच्या दृष्टीने या श्रद्धेतून निघणारी कर्तव्ये ठरतात.